खुली जागा म्हणजे कोणाची जागा?

उत्तर प्रदेशातील ६९ हजार शिक्षकांच्या भरतीचे प्रकरण मराठी वृत्तपत्रांनी आतल्या पानावर चार ओळींत उरकले. लखनौची भानगड, लखनौवाले बघतील, असा एकूण भाव! वस्तुतः गेल्या काही वर्षांत शिक्षकभरतीवरून देशात जे खटले लढले गेले, त्यांत बहुजन समाजाच्या दृष्टीने इतका महत्त्वाचा खटला शोधून सापडणार नाही. 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा जो घोष गेली सत्तर वर्षे आपल्या कानीकपाळी होत आला, त्याचा हिशेब या खटल्यात दशांश चिन्हासह कागदावर मांडला गेला. आणि तो मांडला कोणी, तर मागासवर्गीय उमेदवारांनी.

प्रकरणाची सुरुवात आरक्षणातून झालेली नाही. उत्तर प्रदेशात तुटपुंज्या मानधनावर राबणारे 'शिक्षामित्र' होते. तिथल्या सरकारने सुमारे १ लाख ३७ हजार शिक्षामित्रांना कायम शिक्षक करून टाकले. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, त्यांनी दिलेली नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे रद्द केले आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. मुलांना पात्र शिक्षक मिळाला पाहिजे, मागच्या दाराने नेमणूक चालणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. शिक्षामित्रांना पुढच्या दोन भरतींत वयाची सवलत आणि अनुभवाचे गुण देण्याची मुभा तेवढी ठेवली. गरीब माणसे रस्त्यावर आली हे दुःख आहेच. परंतु पात्रतेचे तत्त्व मान्य करण्यात आपल्याला काही अडचण नाही. अपात्र मास्तराचा पहिला बळी झेडपीच्या शाळेत बसणारे आपलेच मूल असते. ज्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात त्यांचे काय बिघडते?

त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये ६९ हजार सहायक शिक्षकांची भरती निघाली. ६ जानेवारी २०१९ रोजी परीक्षा झाली. सुमारे चार लाख तरुण परीक्षेला बसले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पेपर होऊन गेल्यावर, सरकारने जाहीर केले की उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतील. आदल्या भरतीत ही रेषा ४५ आणि ४० होती. खेळ संपल्यावर गोलपोस्ट हलवण्याचाच हा प्रकार. शिक्षामित्र न्यायालयात गेले. एका न्यायाधीशाने त्यांची बाजू घेतली, पण खंडपीठाने मे २०२० मध्ये ती फिरवली आणि १८ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारची रेषा उचलून धरली. चांगल्यात चांगले शिक्षक निवडण्यासाठी सरकार रेषा वर नेऊ शकते, असा एकंदर आशय. ठीक आहे. गुणवत्ता हवी म्हणता, घ्या गुणवत्ता! या कडक रेषेवरूनही सुमारे १ लाख ४६ हजार उमेदवार पार झाले.

इथपर्यंत सरकार गुणवत्तेच्या बाजूने उभे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढचे सगळे नाटक त्यावरच आहे.

निवडयादी गुणांकावर लागायची होती. लेखी परीक्षेला ६० टक्के वजन. दहावी, बारावी, पदवी आणि प्रशिक्षण यांना प्रत्येकी १० टक्के. १ जून २०२० रोजी यादी लागली. खुल्या प्रवर्गाची शेवटची रेषा ६७.११ आणि ओबीसींची ६६.७३. फरक ०.३८ चा! 'मागासांना ढिगाने सवलती' म्हणणाऱ्यांनी हा फरक चष्मा लावून वाचावा. परंतु ज्यांना हिशेब कळतो अशा तिथल्या पोरांना वेगळाच प्रश्न पडला. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले कसे?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याला यायलाच पाहिजे. समजा १०० जागा आहेत. उत्तर प्रदेशात ओबीसींना २७, अनुसूचित जातींना २१ आणि अनुसूचित जमातींना २, म्हणजे ५० राखीव. उरलेल्या ५० खुल्या. आता सगळ्या उमेदवारांची, जात न विचारता, गुणांप्रमाणे एकच रांग लावायची. पहिले ५० जण खुल्या जागांवर जातात. त्या पन्नासात समजा २० ओबीसी निघाले, तर ते वीसही खुल्या जागेवरच बसतात, कारण ते स्वतःच्या गुणांवर आलेले आहेत. त्यांच्यानंतरच्या ओबीसींतून मग राखीव २७ भरायचे. एकूण ओबीसी झाले ४७. आता कारकुनाने काय करायचे? वरच्या पन्नासात आलेल्या त्या २० जणांना तिथून उचलायचे आणि राखीव २७ मध्ये टाकायचे. राखीवमध्ये उरल्या ७ जागा. वर २० खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्यांवर रांगेतले पुढचे २० सवर्ण बसले, ज्यांचे गुण त्या उचललेल्या वीसांपेक्षा कमी आहेत. कागदावर 'ओबीसी २७ टक्के' दिसतात. कोणी विचारले तर सांगायचे, बघा, कोटा पूर्ण भरला! कोटा भरला हे खरेच असते. खुल्या जागांचे सवर्णांसाठी आरक्षण झाले, एवढे फक्त कुठे लिहिलेले नसते.

असे झाले की राखीव प्रवर्गाची रेषा वर ढकलली जाते आणि खुल्याची खाली येते. दोन्ही एकमेकींना चिकटतात. ०.३८ च्या पोटात याचिकाकर्त्यांना हे दिसले. त्यांचा दावा असा की, खुल्यात बसायला हवे होते ते उमेदवार वजा केले तर ओबीसींना २७ टक्क्यांऐवजी प्रत्यक्षात ३.८६ टक्केच आरक्षण मिळाले आणि अनुसूचित जातींना २१ ऐवजी सुमारे १६ टक्के. सरकारने हे साफ नाकारले. हजारो ओबीसी खुल्या जागांवरही निवडले आहेत, असे उत्तर दिले. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाकडे तक्रार गेली. आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अंतरिम अहवालात आरक्षणाचे नियम पाळले गेले नाहीत असे म्हटले. लखनौच्या ईको गार्डनमध्ये ही पोरे शेकडो दिवस बसून राहिली. मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या.

आणि मग एक चमत्कार झाला. ५ जानेवारी २०२२ रोजी सरकारने राखीव प्रवर्गाच्या ६,८०० उमेदवारांची आणखी एक यादी काढली. तीनच दिवसांनी, ८ जानेवारीला, उत्तर प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. हा योगायोग ज्याला पटेल त्याने पटवून घ्यावा. आपला प्रश्न सरळ आहे: चूक झालीच नव्हती तर हे ६,८०० कुठून आले? आणि झाली होती, तर मूळ यादी दुरुस्त न करता वर वेगळे ताट का वाढले? कारण उघड आहे. मूळ यादी दुरुस्त केली असती तर खुल्या जागांवर चुकून बसलेल्यांना उठवावे लागले असते. ते कोणाला दुखवायचे नव्हते. म्हणून जाहिरात ६९ हजारांची आणि नेमणुका त्याहून जास्त, असा न टिकणारा तोडगा काढला. तो टिकणार नाही हे काढणाऱ्यांनाही ठाऊक असावे. महिनाभरातच त्या यादीला स्थगिती मिळाली.

१३ मार्च २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ती ६,८०० ची यादी रद्द केली आणि मूळ यादी तपासून नीट करण्यास सांगितले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी लखनौ खंडपीठाच्या द्विसदस्य पीठाने पुढचे पाऊल टाकले. दोन्ही याद्या बाजूला सारून तीन महिन्यांत नवी निवडयादी करा, असा आदेश दिला. आधार कोणता? कुठल्याही परदेशी पंडिताचा नव्हे, तर त्याच राज्याच्या १९९४ च्या आरक्षण कायद्यातील कलम ३(६). गुणवत्तेवर खुल्या स्पर्धेत निवडला गेलेला राखीव उमेदवार राखीव जागेत मोजायचा नाही, असे ते कलम म्हणते. जे शिक्षक नोकरीत आहेत त्यांना चालू शैक्षणिक सत्र संपेपर्यंत हलवू नये, मुलांचे नुकसान नको, हेही पीठाने सांगितले. या आदेशाविरुद्ध खुल्या प्रवर्गातून नेमलेले उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ सप्टेंबर २०२४ रोजी आदेशाला स्थगिती मिळाली.

कायदा अस्पष्ट असता तर गोष्ट वेगळी होती. परंतु हा मुद्दा १९९२ मध्येच संपलेला आहे. मंडल खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की स्वतःच्या गुणांवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात धरता येत नाही. १९९५ मध्ये सबरवाल खटल्यात पाच न्यायाधीशांनी तेच सांगितले. १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितले, आणि खुला प्रवर्ग म्हणजे कोणाचा कोटा नाही, तो सर्वांसाठी खुला आहे हे त्या निकालात स्पष्ट झाले. तो खटला उत्तर प्रदेशच्याच पोलीस भरतीचा. त्यातही खुल्या महिला जागांवर जास्त गुणांच्या मागास स्त्रियांना बसू दिले नव्हते. आणि ज्या महिन्यात हा निकाल आला त्याच महिन्यात तिथले सरकार ६९ हजारांपैकी दुसऱ्या टप्प्यातील शिक्षकांना नेमणूकपत्रे वाटत होते. निकाल दिल्लीत, अंमल लखनौत, मधल्या रस्त्यात कायदा हरवला!

बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या विषयावर जे भाषण केले, त्यातला एक भाग आरक्षणाचे विरोधक फार आवडीने सांगतात. राखीव जागा एकूण जागांच्या अल्प भागापुरत्याच राहिल्या पाहिजेत, नाहीतर समान संधीचे तत्त्व नष्ट होईल, हा तो भाग. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेला आधार म्हणून तो वापरला जातो. चालेल. पण मग त्या सौद्याचा दुसरा अर्धा भागही वाचा. उरलेल्या जागा सर्वांना समान संधीसाठी खुल्या राहाव्यात म्हणून तर ती मर्यादा. 'सर्वांना' या शब्दात आपणही आहोत. राखीवात पन्नासच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि खुल्यात पाय ठेवू द्यायचा नाही, याला समान संधी म्हणतात का? पंचाऐंशी टक्क्यांना पन्नासात कोंडून उरलेल्या पन्नासाला 'मेरिट' नाव द्यायचे, ही युक्ती मनुस्मृती लिहिणाऱ्यांनाही सुचली नसती.

आता विरुद्ध बाजूचा खरा युक्तिवाद. तो टाळून चालणार नाही, कारण न्यायालयात तोच उभा राहतो. राखीव उमेदवारांनी टीईटीत किंवा लेखी परीक्षेत पाच टक्क्यांची सवलत घेतली, तेव्हा त्यांना खुल्यात येता येणार नाही, असे ते म्हणतात. टीईटीपुरते याचे उत्तर राजस्थानच्या शिक्षकभरतीत मिळालेले आहे. विकास सांखला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की टीईटी ही पात्रतेची परीक्षा आहे. तीत कमी टक्क्यांवर उत्तीर्ण झालेला राखीव उमेदवार पुढच्या निवडयादीत गुणांनी वर आला तर त्याला खुल्या जागेवर घेता येते. उंबरठा ओलांडताना आधार घेतला म्हणून घरात आल्यावर त्याची उंची कमी होत नाही. लेखी परीक्षेचा मुद्दा यापेक्षा अवघड आहे, हे मान्य करू. तिचे गुण निवडयादीतही धरलेले होते. पण ज्याने त्या परीक्षेत ६५ च्या वर गुण मिळवले त्याने ६० ची सवलत वापरली कुठे? फॉर्मवर जात लिहिली हीच सवलत असेल तर मग बोलणेच खुंटले.

या साऱ्यात एक गोष्ट आपल्याला डाचली पाहिजे. चूक केली अधिकाऱ्यांनी आणि एकमेकांसमोर उभे राहिले दोन्हीकडचे पंचवीस-तीस वर्षांचे शिक्षक. २०२० मध्ये नेमलेला खुल्या प्रवर्गातला तरुणही गरीब घरचाच असणार. त्याने अर्ज भरला, पेपर दिला, नेमणूक झाली, लग्न झाले, कर्ज काढले. त्याला शिव्या देऊन काही साधणार नाही. पण त्याच्याकडे चार वर्षांचा पगार आणि सेवाज्येष्ठता तरी जमा झाली. बाहेर राहिलेला, २०१९ च्या जानेवारीत परीक्षा देताना तिशीचा होता, तो २०२४ च्या निकालाला पस्तिशी ओलांडत होता. त्याच्या वाट्याला तारखा, वकिलाची फी आणि ईको गार्डनची फरशी आली. ज्याने ती यादी तयार केली त्याचे काय झाले, हा प्रश्न एकाही निकालात सापडत नाही.

शिक्षकाच्याच नोकरीसाठी इतका जीव का टाकायचा, असे विचारणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी महात्मा फुल्यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढील निवेदन काढून वाचावे. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, रयतेच्या मुलांत ते मिसळत नाहीत, शिक्षक शेतकरी जातींतून तयार केले पाहिजेत, ही मागणी जोतीरावांनी तेव्हा केली. वर्गात कोण शिकवतो यावर मागच्या बाकावरचे मूल शाळेत टिकते की गळते हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते. आरक्षण म्हणजे चार माणसांना पगार, एवढाच अर्थ ज्यांनी धरला त्यांना या निवेदनाचा विसर पडला आहे.

महाराष्ट्रात आपण वेगळे आहोत का? काही बाबतीत आहोत. सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी भूमिका बरोबर ठरवली त्यात मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका होती आणि चुकीची ठरवली त्यात अलाहाबादची. परंतु आपल्याकडचा रोग निराळ्या जागी आहे. इथल्या माध्यमिक शाळांपैकी बऱ्याच खाजगी अनुदानित. पगार सरकारी तिजोरीतून आणि नेमणूक संस्थाचालकाच्या हातात. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत या शाळांनाही आरक्षण लागू आहे. प्रत्यक्षात दर कसा चालतो हे गावातले शेंबडे पोरसुद्धा सांगेल. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल आले, तेव्हा २०० गुणांच्या एका परीक्षेवर यादी लागणार म्हणताच संस्थाचालकांना आपल्या घटनात्मक अधिकारांची आठवण झाली. ते न्यायालयात गेले. पुढे 'मुलाखतीसह' हा पर्याय आला. तेव्हा एका जागेसाठी दहा उमेदवार पाठवले जात आणि त्यातून संस्था निवडत असे. आयुष्यभर आरक्षणाविरुद्ध गुणवत्तेची भाषणे देणारे हे लोक, पहिल्या क्रमांकाचा उमेदवार सरळ घ्या म्हटल्यावर मात्र मुलाखत मागतात!

आणि परीक्षेचे तरी काय? २०२१ च्या डिसेंबरात टीईटी घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाच अटक झाली. पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. पश्चिम बंगालात उत्तरपत्रिकांची अशी वाट लावली गेली की ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २५,७५३ शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नेमणुका एकदम रद्द ठरवल्या. त्यात प्रामाणिकपणे पास झालेलेही भरडले गेले. पैसे देऊन गुण वाढवणाऱ्यांविरुद्ध 'मेरिट वाचवा' म्हणून कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयासमोर बूटपॉलिश आंदोलन झाल्याचे ऐकिवात नाही. ते फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेले असते.

तेव्हा भरतीच्या तयारीत असलेल्या आपल्या मुलामुलींनी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यादी लागली की पहिल्यांदा स्वतःचे नाव शोधू नये. खुल्या प्रवर्गाचा शेवटचा उमेदवार कोणत्या गुणांवर थांबला ते पाहावे. मग राखीव प्रवर्गांच्या याद्या काढून त्या गुणांच्या वरचे कोणी तिथे बसवलेले आहेत का ते एकेक करून मोजावे. एक जरी सापडला तर हरकतीच्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. तोंडी सांगितलेले उद्या कोणाला आठवत नाही. जिल्हा परिषद असो की संस्था, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि तिची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नेमणूकपत्रे वाटून झाल्यावर धावाधाव केली तर काय होते, ते लखनौच्या पोरांना विचारावे.